ताटावरून उठलेल्या बाई

तर काल गोष्ट सांगताना कासऱ्यापाशी थांबलो होतो. तो कासरा माझाच, आमच्या म्हाताऱ्या बैलाचा. हायस्कूलच्या वनमालाबाईंनी माझ्या नातीकरवी निरोप धाडला होता की आबांकडं जुना कासरा असला तर एक दिवस द्या, व्याकरण शिकवायचंय. नात म्हणजे मंगल, तेव्हा नववीत. मी म्हणालो, व्याकरणाला कासरा कावून लागतो? आमचे मास्तर तर छडीवर भागवायचे. पण दिला. आणि दिल्यावर घरी करमेना, म्हणून मागोमाग मीही शाळेत गेलो.

बघतो तर बाईंनी अख्खा वर्ग मैदानात आणलेला. एक पोरगी गाय झालेली, एक पोरगा कडबा, आणि क्रियापद म्हणून आमची मंगल, कमरेला कासरा बांधून. ‘गाय कडबा खाते’ म्हटलं की कासऱ्याचं दुसरं टोक गायीच्या हातात. गाय चालली की मंगल तिच्यामागं. गायीच्या जागी बैल आला की ‘खाते’चं ‘खातो’ झालं आणि मंगल बैलामागं. मग बाई म्हणाल्या, आता बैलाला ‘ने’ लावा. कुणीतरी बैलाच्या कपाळावर खडूनं ‘ने’ काढला, तशी बाईंनी त्याच्या हातातून कासरा काढून कडब्याच्या हातात दिला. बैलाने कडबा खाल्ला, बैलाने पेंडी खाल्ली. आता मंगल वैरणीमागं चालायला लागली. शेवटी खाणाऱ्याचं वाक्य सोडलं आणि दुसरं घेतलं, त्यात दोघांनाही शेपूट लागलं, एकाला ‘ने’ अन् दुसऱ्याला ‘ला’, तेव्हा बाईंनी कासरा दोघांच्याही हातातून काढला. म्हणाल्या, हे क्रियापद आता मोकाट. कुणाच्या मागं जात नाही. द्या बरं याचं एखादं वाक्य.

मागून एक आवाज आला, “बैलाने सचिवाला ढकलले.”

मैदान नुसतं फुटलं. सचिव म्हणजे बद्रीनाथराव, शाळेच्या संस्थेचे सचिव, गावातले मोठे बागाईतदार. बाई इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. मग गंभीर होऊन म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, पूर्ण मार्क.

मी सातवी शिकलेला माणूस. प्रयोग तीन असतात एवढं कानावर होतं. ते चालताना मात्र त्या दिवशी पाहिले.

बाईंचं माहेर अंबाजोगाईचं. शिक्षणही तिकडंच झालं. आमच्या गावात, म्हणजे तलवाड्याच्या अलीकडं, त्या लग्न होऊन आल्या. मालक रामेश्वरराव विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. सगळ्या शिवारातल्या मोटारी त्यांच्या ओट्यावर पोट फाडून पडलेल्या असतात. ओट्याच्या या अंगाला तांब्याची तार आणि त्या अंगाला बाईंची संध्याकाळची शाळा. दिवाळी झाली की आमच्याकडं अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. ती पोरं परत येतात तेव्हा हाताला घट्टे आणि डोक्यातनं चार महिन्यांचा अभ्यास गळालेला. बाई त्यांना ओट्यावर बसवायच्या. एकदा त्यांना वचन शिकवताना बाईंनी विचारलं की तुमच्या टोळीत किती माणसं? पोरगं म्हणालं, दहा कोयते. उसाच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण बाईंना ते जणू सोन्याचं नाणं सापडलं. एक कोयता म्हणजे दोन माणसं, मग कोयता आला म्हणायचं का कोयता आले? त्यावर तासभर पोरं भांडली. रामेश्वरराव तार गुंडाळायची सोडून भांडणात पडले. कुणालाही व्याकरण शिकतोय असं वाटत नव्हतं, आणि बाईंना तेच पाहिजे असायचं.

बाईंची एक खोड मात्र सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या खोडीवरनं झालं. त्यांच्या अंबाड्यात कायम एक लाल पेन खोवलेलं. चूक दिसली की हात अंबाड्याकडं जातो. लग्नपत्रिका द्यायला गेलेला माणूस उभाच असतो आणि बाई आधी पत्रिका दुरुस्त करतात, मग पाणी देतात. त्रिंबकच्या किराणा दुकानावरची पाटी त्यांनी खुर्चीवर चढून दुरुस्त केलेली आहे. रागानं नाही करत. लहान मुलाचं नाक पुसावं तशा करतात. बद्रीनाथरावांनी ही खोड बरोबर हेरून ठेवली होती.

आता यापुढचं सांगायचं म्हणजे मला आधी चूळ भरावीशी वाटते.

दहावीची परीक्षा आमच्याकडं जत्रेसारखी भरते. शाळा केंद्र आहे. मार्च उजाडला की प्रत्येक खिडकीला एक मामा, एक चुलता, एक मोठा भाऊ लटकलेला. तोंडात मावा. वर चिठ्ठी फेकायची आणि खाली थुंकायचं. परीक्षा संपेपर्यंत शाळेची भिंत कमरेएवढी तांबडी होते. गटारीत चिठ्ठ्या, मुतारीत चिठ्ठ्या, त्यातल्याच काही पोरं उचलून, झटकून, परत वापरतात. हे हात पुढं देवाला फूल वाहतात. आणि गावात याला नाव काय, तर मदत. चांगला शहाणा माणूस सकाळी कपडे करून निघतो, विचारलं तर सांगतो, पोराला मदत करायला चाललो.

बाकीच्या विषयांची मदत गाईडातनं होते. पान फाडलं की झालं. मराठीत धड्यांचंही तसंच. व्याकरण तेवढं गाईडात मिळत नाही, कारण वाक्यं दर वर्षी नवी. त्याला समजणारं डोकं लागतं. ते गावात एकच होतं, आणि ते डोकं मदत करत नव्हतं. आधीच्या वर्षी सरळ विचारून झालं होतं. बाईंनी सरळच नाही म्हटलं होतं.

मंगल दहावीला बसली त्या वर्षी बद्रीनाथरावांचा पुतण्याही बसला होता. ज्या विषयाचा पेपर त्या विषयाच्या शिक्षकानं त्या दिवशी केंद्रावर फिरकायचं नाही असा नियम आहे. म्हणजे मराठीच्या दिवशी बाई घरी. आदल्या दिवशी बद्रीनाथरावांच्या मंडळी चतुराबाई स्वतः हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाईंच्या दारात आल्या. उद्या आमच्याकडं सवाष्णी आहेत, देवीचा नवस फेडायचाय, जेवायला यायचं. आता सवाष्णीचं आवतण कुणी मोडत नाही. आमची सून विमल त्या सवाष्णींतलीच एक. म्हणून पुढचं सगळं मला तिच्या तोंडून कळलेलं आहे. खिडकीपलीकडचं तेवढं माझ्या डोळ्यांनी.

सकाळी पेपर सुरू झाला आणि तिकडं सवाष्णींचे पाय धुतले. पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओटी भरली, ताटं मांडली. पुरणपोळी, वर तुपाची धार, वाटीत कटाची आमटी, कुरडई, भजी. एकदा सवाष्ण पाटावर बसली, ताट पुढं आलं, की तिनं जेवूनच उठायचं. उपाशी उठली तर ती त्या घराचं लक्ष्मीपण घेऊन जाते, हे आमच्याकडं तान्ह्या पोराला ठाऊक. बद्रीनाथरावांची सगळी मांडणी या एका खिळ्यावर टांगलेली. बाई नाही म्हणू शकतील, पण उठू शकणार नाहीत.

विमल म्हणाली, ताटं वाढली पण हात धुवायला पाणी काही येईना. देवीला नैवेद्य जायचाय म्हणून सगळ्या थांबलेल्या. तेवढ्यात बद्रीनाथराव टोपी सावरत आले, बाईंच्या पुढ्यात एक कागद ठेवला. म्हणाले, पुतण्यानं घरी सराव केलाय, सगळा चुकलाय म्हणतात, नैवेद्य होईस्तोवर बघता का जरा. कागदावर व्याकरणाचे प्रश्न, आणि खाली मुद्दाम चुकवून लिहिलेली उत्तरं.

बाईंचा हात अंबाड्याकडं गेला.

विमल सांगत होती की बाईंचा चेहरा कसा उजळला. भूक विसरल्या. पहिलं उत्तर खोडलं, बरोबर लिहिलं, शेजारणीला सांगायला लागल्या की बघा, पोरगं कुठं घसरलंय. दुसरंही दुरुस्त केलं. प्रश्न चांगले काढलेत म्हणाल्या. तिसऱ्यावर पेन टेकवलं आणि आतल्या खोलीतनं घर्र आवाज आला.

आतली खोली म्हणजे देवघर. दार अर्धं उघडं. आत देवीच्या चौरंगाला लागूनच झेरॉक्सचं मशीन मांडलेलं, कालच आणलेलं. नवी वस्तू घरात आली म्हणून त्यालाही हळदीकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. गड्यानं चालतंय का बघायला कोरा कागद त्यात घातला होता. आणि दारात बद्रीनाथरावांचा भाचा मोटारसायकल चालू ठेवून बसलेला, तोंडाचा चंबू करून पिंक टाकायला जागा बघत.

बाईंनी मशीनकडं पाहिलं, मोटारसायकलकडं पाहिलं, हातातल्या कागदाकडं पाहिलं. मग बद्रीनाथरावांना विचारलं की पुतण्या आत्ता कुठं आहे. ते म्हणाले, परीक्षेला. म्हणजे कागदावरचे प्रश्न आत्ता चाललेल्या पेपरातले, खिडकीतनं आलेले.

विमलला वाटलं आता बाई ओरडणार. पण बाईंनी तो कागद दुमडला, परत दुमडला, आणि कटाच्या आमटीच्या वाटीत बुडवला. चमच्यानं दाबला. लाल शाई आमटीत सुटली. मग पाटावरनं उठल्या, पदर खोचला, ओटीतले तांदूळ देवीपुढं ओतले, आणि चपला घालून निघाल्या. चतुराबाई मागनं दारापर्यंत पळत आल्या, बाई, एक घास तरी, एक घास तरी म्हणत. त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं, असं विमल म्हणाली.

इकडं शाळेत काय चाललं होतं ते मी सांगतो. मी मैदानातल्या लिंबाखाली बसलेला. खिडक्यांवरची माणसं सारखी रस्त्याकडं बघत होती. मोटारसायकल यायची होती. मोटारसायकल आली, भाचा रिकाम्या हातानं उतरला, खिडकीजवळ कुजबुज झाली. जरा वेळानं खिडकीतनं एक उत्तरपत्रिका बाहेर आली. लिहिलेली, आख्खी. ती माझ्यासमोर चारपाच जणांत फिरली. ते उकिडवे बसून मोबाईलवर तिचे फोटो काढत होते. एकानं मांडीवर ठेवली, एकानं अंगठा जिभेला लावून पान उलटलं. एकाच्या तोंडातनं थेंब पडला, त्यानं तो तळव्यानं पुसला, पसरवला. फोटो गेले, मग दुसऱ्या खिडकीतनं आत चिठ्ठ्या गेल्या. बाहेरगावचे पर्यवेक्षक फळ्यावरची तारीख वाचत उभे. मला वाटलं कुणाची तरी गेली असेल, आपल्याला काय. मग घंटा झाली आणि मंगल बाहेर आली. चेहरा पांढरा. ती म्हणाली, आबा, माझी होती.

तिचं धड्यांचं लिहून झालं होतं आणि व्याकरण अर्धं. तेवढ्यात हातातनं ओढून घेतली. परत आली तेव्हा वेळ संपत आलेली, पानावर तांबूस डाग, ओलं. ती म्हणाली, मला त्या पानाला हात लाववेना आबा. मोकाट क्रियापदाचा प्रश्न तसाच राहिला. तिला तो येत होता. तिच्याच कमरेला कासरा होता.

जूनमध्ये निकाल लागला. शंभर टक्के. वेशीत फलक लागला, त्यावर बद्रीनाथराव हात जोडून. मंगलच्या उत्तरपत्रिकेवरनं ज्यांनी उतरवलं त्यातल्या निम्म्यांना मराठीत तिच्यापेक्षा जास्त. पुतण्याला सगळ्यांत जास्त. पेढे घेऊन तो आमच्या घरी आला, मंगलच्या हातावरही ठेवला. ती पोर खाली बघून थॅंक्यू म्हणाली. मी तो पेढा कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं हुंगला आणि खाल्ला. त्याला काय.

आता गावाला कशाचा राग आला असेल? हे विचारतो म्हणून म्हणू नका की म्हातारा कोडी घालतो. उत्तर सरळ आहे, पण ते उच्चारताना माझ्या जिभेला घाण चव येते. मारुतीच्या पारावर महिनाभर हाच विषय. खिडकीचा नाही, थुंकीचा नाही, पोरीच्या हातातनं ओढलेल्या कागदाचा नाही. विषय हा की सवाष्ण ताटावरनं उठली. आमटी नासवली. अन्नाचा अपमान केला. त्रिंबक दुकानदार, ज्याची पाटी बाईंनी दुरुस्त केली, तो म्हणाला, “कॉपी काय, सगळीकडं हाय. पन भरल्या ताटावरनं सवाष्ण उठलेली आमी न्हाई बघितली कधी.” दहा माना हलल्या. मी म्हणालो, त्रिंबक, देवघरात मशीन मांडलेलं बघितलंतास का कधी? तर म्हणतो, त्याला कुंकू लावलंतं की.

मी पारावर बसायचं तेव्हापासनं सोडलं. चांगली गोष्ट सांगायला जागा लागते, आणि ती जागा स्वच्छ असावी लागते.

शाळा उघडल्यावर बाईंची दहावी गेली. नववीही गेली. पाचवी-सहावी आणि ग्रंथालयाची किल्ली हातात ठेवली. कारण काही लिहून दिलं नाही, तोंडी म्हणाले, तुम्हाला जरा आराम. दहावीला नवे मास्तर आले, गाईड उघडून लिहून देणारे. उत्तरं पाठ करा, वाक्यं कशाला समजून घेता म्हणणारे. ग्रंथालय दहावीच्या वर्गाशेजारीच. मधे पातळ भिंत. एकदा मी पुस्तक बदलायला गेलो तर बाई कपाटापुढं उभ्या, कान भिंतीकडं. पलीकडं मास्तर चुकीचं सांगत होते. बाईंचा हात अंबाड्याकडं गेला, पेन काढलं, आणि हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. भिंतीवर तर लिहिता येत नाही. मला बघून त्यांनी पेन परत खोवलं आणि कोणतं पुस्तक पाहिजे विचारलं. मी काय मागितलं ते मलाच आठवत नाही.

संध्याकाळची ओट्यावरची शाळाही बंद पडत चालली होती. बद्रीनाथरावांना नको म्हणून लोक पोरं धाडत नव्हते. रामेश्वररावांकडं मोटारी येत होत्या, कारण मोटार जळाली की माणसाला सचिव आठवत नाही. ते मला म्हणाले, “आबा, तिला माणसं लागत न्हाईत, पोरं लागत्यात. नववी-दहावीची. ज्यांना आता कळायला लागलंय अशी.”

मग चतुराबाईंनीच माघार घेतली. त्या वर्षी त्यांची बोअर आटली, दुभती म्हैस दगावली, थोरल्या सुनेचं बाळ पोटातच गेलं. बाईमाणसाला हे एका ओळीत लावायला वेळ लागत नाही. सवाष्ण उपाशी गेली म्हणून झालं. त्या जेवेनात, झोपेनात. नवऱ्यापुढं हटून बसल्या की तीच सवाष्ण आणा, त्याच पाटावर बसवा, जेवू घाला. शेवटी बद्रीनाथरावांनी मला बोलावलं. मला कावून, तर कासरा माझा, नात माझी, बाई माझं ऐकतील. म्हणाले, बाईंनी येऊन चार घास खावेत. मागचं सगळं विसरलो. दुसऱ्या दिवसापासनं दहावी त्यांची, नववीही त्यांची, नवे मास्तर पाचवीला. मी विचारलं, अन् खिडक्या? तर ते हसले. “आबा, तुमी बी. खिडक्या काय आमी बांधल्यात व्हय?”

त्यांच्या घरचा चहा प्यायलो नाही. पण निरोप घेऊन गेलो. मला तो निरोप आवडला होता असं नाही. पण भिंतीला कान लावून उभी राहिलेली बाई मला दिसत होती, आणि तिला परत वर्गात बघायचं होतं.

बाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. शेजारी मंगल बसलेली. ती आता अकरावीला, पण संध्याकाळी त्यांच्याकडंच. रामेश्वरराव तार गुंडाळत होते. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. चतुराबाईंची म्हैस, बोअर, सुनेचं बाळही सांगितलं. बाळाचं ऐकून बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग दहावीचं सांगितलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मैदानातला तो दिवस क्षणभर येऊन गेला, मी पाहिला. रामेश्वररावांनी तार खाली ठेवली. मी स्वतःच्या पदरचंही घातलं की बाई, चार घासच तर आहेत, पोरांसाठी खा.

बाईंनी सालपटं झटकली. मंगलकडं पाहिलं. मग अंबाड्यातलं पेन काढून तिच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या,

“आबा, चतुराबाईंना सांगा, तुमच्या सुनेचं ऐकून वाईट वाटलं, त्यात माझा शाप नाही. जेवायलाही मी येते, पोळीचा वास अजून नाकात आहे. पण माझ्या शेजारी मंगलचा पाट मांडा. माझ्यापुढं ताट, तिच्यापुढं कोरी उत्तरपत्रिका. तिचं राहिलेलं ती लिहील, आणि ती लिहीत असेपर्यंत बद्रीनाथरावांनी खिडकीपाशी उभं राहून आत कुणाला येऊ द्यायचं नाही. तिचं शेवटचं वाक्य झालं की मी पहिला घास घेईन. पोळी गार झाली तरी मला चालते.”